मदत हवी आहे: स्क्रीन आपोआप रीस्टार्ट, अँड्रॉइड ऑटो गुल, नकाशातली गाडी नदीत

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गाडी २०२२ ची, पेट्रोल, मॅन्युअल, नऊ इंची टचस्क्रीन. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही घ्यायलाच नको होती" या वळणावर जाईल.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सुरू झालं. सकाळी स्टार्टर मारला की स्क्रीन काळी होते, कंपनीचा लोगो येतो आणि सगळं पहिल्यापासून. दिवसातून एकदाच, ऑफिसातून निघताना होत नाही. दुसरं म्हणजे वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) पाच-सात मिनिटं चालतं आणि गळतं. केबल लावली की मुकाट चालतं. तिसरं, सिंहगड रोडने जाताना नकाशातला बाण मुठेच्या पात्रात पोहत असतो. आणि चौथं, गाडीचं जे मोबाइल ॲप आहे त्यात आठवडाभर "वाहनाशी संपर्क नाही".

सर्व्हिस सेंटरला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा "अपडेट मारलंय साहेब". दुसऱ्यांदा "हेड युनिट बदलावं लागेल", म्हणजे ही अख्खी स्क्रीनच, अंदाज ५८ हजार. वॉरंटी संपून चार महिने झालेत. फॅक्टरी रीसेट, ब्लूटूथची जोडणी दोन्हीकडून उडवून पुन्हा करणं, पॉवरचं बटण दाबून धरणं, सगळं करून झालं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

मुक्काम_पोस्ट_पुणे

बाण मुठेत असेल तर पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या भिडे पुलावर तो अगदी बरोबर दाखवत असणार. बाकी मला फास्टॅगची शंका येते. माझंही अँड्रॉइड ऑटो टोलनाक्यावर तुटतं.

मल्टीमीटर

फास्टॅगला उगाच बदनाम करू नका. त्यात बॅटरीच नसते, टोलवरच्या रीडरने हाक मारली तरच तो बोलतो, तेही ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, खरी वाहतूक वायफायवरून होते आणि तीही बहुधा ५ गिगाहर्ट्झवर. दोघांचा रस्ताच वेगळा.

धागाकर्ते, दोन प्रश्न. दिवाळीत गाडीला काय नवीन बसवलंत? आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय आहे ना, ती चालते का?

धागाकर्ता

नवीन म्हणाल तर डॅशकॅम. पुढे-मागे दोन कॅमेरे, रविवार पेठेतल्या एका दुकानातून बसवून घेतला. पण तो उत्तम चालतोय, त्याची काही तक्रार नाही. आणि ते सिग्नलचं प्रकरण महिनाभर बंदच आहे. मला ते कधी आवडलंच नव्हतं, त्यामुळे बरंच झालं म्हणून कुणाला बोललो नाही.

मल्टीमीटर

अहो, सर्वात महत्त्वाची तक्रार तीच होती! बॅटरी उतरली की गाडी ती सोय स्वतःहून बंद ठेवते. इंजिन बंद केलं तर परत चालू करता येईल याची तिलाच खात्री नसते.

पाचएकशे रुपयांचा मीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग घरच्यांना स्टार्टर मारायला सांगा आणि काटा किती खाली जातो ते बघा. इंजिन चालू असताना साधारण १४ हवेत. आणि दुकानदाराने कॅमेऱ्याची वायर कुठून घेतली ते शोधा. चावीच्या करंटवर आहे (गाडी बंद की कॅमेराही बंद) की डायरेक्ट बॅटरीवरून सतत चालू?

धागाकर्ता

आज सकाळचे आकडे: उभी असताना ११.९. स्टार्टर मारताना ९.१ पर्यंत घसरली, त्याच क्षणी स्क्रीन गेली. चालू झाल्यावर १४.२. वायर डायरेक्ट आहे, कारण "पार्किंगमध्ये कुणी ठोकून गेलं तर दिसायला हवं ना काका" असं दुकानदार म्हणाला होता आणि मला ते पटलं होतं. (काका म्हणाला ते पटलं नव्हतं.) गाडी आठवड्यातून दोनच दिवस निघते, बाकी घरूनच काम.

मल्टीमीटर

मग हिशेब मांडा. दोन कॅमेरे पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर खातात असं धरलं तर दिवसाला ७ अँपिअर-तास होतात. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर तीन दिवसांत जवळपास निम्मी गेली. वीस मिनिटांच्या ऑफिसच्या फेरीत ती भरून निघत नाही. संध्याकाळी निघताना स्क्रीन जात नाही कारण सकाळच्या फेरीत थोडी भर पडलेली असते. ५८ हजारांचं युनिट बदलून नवीन युनिटही सकाळी असंच काळं पडलं असतं.

बॅटरीवाल्याकडे रात्रभर हळू चार्ज करून घ्या आणि लोड टेस्ट मागा, म्हणजे भार टाकल्यावर ती तग धरते का ते कळेल. बदलायची वेळ आलीच तर इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाड्यांची वेगळी बॅटरी येते तीच घ्या. स्वस्तातली साधी टाकली तर ती लवकर बसते.

चाकण_रिटर्न

वायरलेस तुटण्याबद्दल. माझ्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. डॅशकॅमचं स्वतःचं वायफाय असतं, क्लिप बघायला आपण एकदा फोन त्याला जोडतो आणि विसरतो. पुढे गाडीत बसलं की फोन कॅमेऱ्याच्या वायफायला जाऊन चिकटतो आणि अँड्रॉइड ऑटोशी खेचाखेच सुरू. फोनमध्ये ते नेटवर्क विसरायला लावा. ऑफिसचं व्हीपीएन आणि बॅटरी सेव्हर चालू असतील तर तेही बंद करून बघा, दोन्ही आगाऊ असतात.

ॲपसाठी: गाडी तळघरात उभी असते का? गाडीतल्या सिमलाही रेंज लागतेच. आणि गाडी २०२२ ची म्हणताय, तर ॲपच्या सेवेची मुदत तपासा. बऱ्याच गाड्यांत सुरुवातीची काही वर्षं फुकट असते, नंतर पैसे.

वहिनी_ड्रायव्हर

बाणासाठी सोपी परीक्षा आहे. फोन गाडीपासून तोडून हातात धरा, नकाशा बरोबर दिसला तर फोन निर्दोष. अनेक गाड्यांत फोन जोडला की नकाशा गाडीच्या अँटेनावर चालतो, म्हणून फोन बदलून फरक पडत नाही. मग कॅमेऱ्याचा प्लगच काढा आणि तोच रस्ता पुन्हा धरा. उपग्रहाचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, जेमतेम कुजबुज असते. अँटेनाच्या कानाशी कॅमेऱ्याचा स्वस्त अडॅप्टर खरखरत बसला तर ऐकू काय येणार? आमच्याकडे तर एफएमलाही खरखर यायची.

धागाकर्ता

आठ दिवसांनी हजेरी. बॅटरी चार्ज केली, लोड टेस्टमध्ये पास झाली, तीन दिवस उभी राहूनही सकाळी १२.५. कॅमेरा चावीच्या करंटवर घेतला, पार्किंगचं रेकॉर्डिंग सोडून दिलं, सोसायटीचा सीसीटीव्ही आहे तेवढा बास. स्क्रीन एकदाही गेली नाही. फोन खरंच कॅमेऱ्याच्या वायफायला चिकटत होता. ते नेटवर्क काढल्यापासून दोनदा तळेगावला जाऊन आलो, वायरलेस तुटलं नाही. ॲपची मुदत संपली होती, मेल नको त्या फोल्डरमध्ये पडून होता. मी ती भरणार नाही, घरून एसी चालू करण्याइतका माझा संसार पुढारलेला नाही.

सिग्नलला इंजिन पुन्हा बंद व्हायला लागलंय. आता रोज बटण दाबून ते बंद करतो.

राहिला बाण. वहिनी, तुमची परीक्षा केली. प्लग काढल्यावर गाडी रस्त्यावर, लावल्यावर पुन्हा पात्रात. एफएमची खरखरही तशीच येते-जाते. आता अडॅप्टर तेवढा बदलून भागेल की अख्खा कॅमेराच बदलावा लागेल? वायर पॅसेंजर बाजूच्या पिलरमधून (काचेलगतच्या खांबातून) नेली आहे, गाडीचा जीपीएस अँटेना डॅशबोर्डखाली आहे की छतावर हे कसं ओळखायचं तेही सांगा.