मदत हवी आहे : बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन बेंबीतल्या एकाच छेदातून करावं का?

नमस्कार. आम्ही फोंड्याकडचे. बाबा ६४ वर्षांचे, सगळा जन्म कुळागरात (सुपारीच्या बागेत) गेला. पावसाआधी चढ चढताना दम लागायला लागला, हिमोग्लोबिन ७.८ निघालं. शौचावाटे रक्त कधी दिसलं नव्हतं, त्यामुळे दोन महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या चालल्या. शेवटी कोलोनोस्कोपीत (कॅमेऱ्याने आतडं आतून बघतात ती तपासणी) मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली. बायोप्सीत कॅन्सर. सीटीमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, तेवढाच धीर.

उजवा भाग काढायचा आहे. एका सर्जननी चार-पाच छिद्रांची नेहमीची लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) सांगितली. दुसरे म्हणतात, बेंबीतून ३-४ सेंटिमीटरचा एकच छेद पुरे. आईचं म्हणणं, जेवढं कमी कापतील तेवढं बरं. वणाचं बाबांना काही नाही. मला दोनच गोष्टी छळतात : एवढ्याशा वाटेने गाठ आणि भोवतालचे लिम्फ नोड (कॅन्सर पसरू शकतो त्या बारीक ग्रंथी) पूर्ण निघतात का? आणि पुढे बेंबीला हर्निया झाला तर? सुपारीची पोती उचलल्याशिवाय बाबा राहायचे नाहीत. मंगळवारी उत्तर द्यायचं आहे. कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :
दादा, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. नेहमीच्या लॅप्रोस्कोपीतही कापलेलं आतडं बाहेर काढायला एक छेद ४-६ सेंटिमीटर वाढवावाच लागतो. म्हणजे वाचतात ती बाकीची बारीक छिद्रं. आतलं काम तेच : रक्तवाहिनी मुळाशी बांधायची, नोडसकट भाग काढायचा, टोकं जोडायची. २००८ पासून मोठ्या आतड्यासाठी हे होतंय, आणि निवडक रुग्णांत, सराईत हातांनी नोड नेहमीइतकेच मिळतात.

अवघड जातं ते सर्जनला. कॅमेरा आणि हत्यारं एकाच वाटेने शिरतात, एकमेकांवर आदळतात, दोन बाजूंनी पकडायला कोन मिळत नाही. म्हणून थेट विचारा : उजव्या बाजूची अशी किती केलीत? अडलं तर लगेच दुसरं छिद्र घ्याल ना? हो म्हणाले तर मला त्यांच्यावर जास्त विश्वास वाटेल. नंतर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये किमान १२ नोड तपासलेत का, ते बघा.

हर्नियाची तुमची भीती रास्त आहे. बेंबी मुळातच नाजूक जागा, तिथले टाके नीट बसले पाहिजेत. निदान सहा आठवडे पोत्याला हात नको. बेंबीला आधीपासून फुगवटा असेल तर आत्ताच सांगा. आणि हिमोग्लोबिन ७.८ वर थांबू नका, ऑपरेशनआधी शिरेतून लोह किंवा रक्त देणार का, तेही विचारा.

मूळ प्रश्नकर्ता :
ताई, खूप आभार. बाबांना आत्ता विचारलं. खोकताना बेंबी फुगते, म्हणे बरीच वर्षं. दोन्ही डॉक्टरांना आम्ही हे सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळी फोन करतो.