पॉटकेट: ३३ इनिंगच्या पलीकडे

अमेरिकेतल्या पॉटकेट गावचा बेसबॉल संघ पॉटकेट रेड सॉक्स म्हटलं की त्यांच्या ३३ इनिंगच्या सामन्याचा विषय निघतो (एरवी सामना नऊ इनिंगचा असतो), त्यात थोडी भर घालतो. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री सुरू झालेला तो सामना पहाटे ४:०७ ला थांबवला, तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. थंडी इतकी की खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी जाळून हात शेकले. २३ जूनला उरलेला खेळ १८ मिनिटांत आटोपला, पॉटकेट ३-२ ने जिंकलं.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो बेन माँडोर. कापड गिरण्यांच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या या माणसाने १९७७ मध्ये दिवाळखोर संघ विकत घेतला आणि गिरण्या ओस पडत चाललेल्या गावाला परवडेल असं मैदान जपलं. संघाच्या मॅककॉय स्टेडियममध्ये डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या बरोबर खाली असायची. पोरं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची, दोरीने खाली सोडायची. सही होऊन वर यायचा.

२०२१ मध्ये संघ गाव सोडून वूस्टर शहरात गेला. त्याआधीचा २०२० चा अख्खा हंगाम कोविडमुळे रद्द झाला, म्हणजे गावाला धड निरोपही देता आला नाही. हे फार लागतं मनाला.