सासऱ्यांची .३२ रिव्हॉल्वर हातात उसळते. नव्या हाताला कोणतं हत्यार सोसेल?

गुळवाली_वहिनी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान चालवते. सासऱ्यांच्या माघारी त्यांची .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) कानपूर बनावटीची रिव्हॉल्वर गेल्या महिन्यात रीतसर माझ्या नावावर झाली. सौद्याच्या दिवसांत रोकड घेऊन मीच येते-जाते, म्हणून घरच्यांनी माझं नाव पुढं केलं. पण नेम येत नसताना हत्यार जवळ बाळगायचं मला पटत नाही, म्हणून रेंजवर शिकायला सुरुवात केलीय.

पहिल्या दिवशी सरांनी आधी .२२ ची स्पोर्ट्स पिस्तूल दिली. दहा गोळ्या मारल्या, सगळ्या कागदावर बसल्या. हातात नुसती टिचकी मारल्यासारखं वाटलं. मग आमची रिव्हॉल्वर घेतली. पहिली गोळी पंधरा मीटरवर चक्क काळ्यात, म्हणजे कागदाच्या मधल्या काळ्या वर्तुळात. त्यानंतर मात्र दर वेळी नळी आभाळाकडं जायची, मनगटातल्या पाटल्या कोपराकडं सरकायच्या, आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात लाल वळ उठला. उरलेल्या पाचपैकी तीन कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, दोन तर खाली मातीत.

मला कोडं हे पडलंय की मी तीस किलोचा गुळाचा रवा (ढेप) एकटी उचलते. हातात ताकद नाही असं नाही. मग सातशे ग्रॅमची वस्तू मला का आवरत नाही? विकून हलकी रिव्हॉल्वर घ्यावी, .३२ पिस्तूल घ्यावी, की .२२ वरच थांबावं? हिसका कुणाचा कमी? (कानात कापूस घातला होता. ओळखीच्या एकांनी तेवढं पुरे म्हणून सांगितलेलं.)

बावड्याचा_भावड्या

वहिनी, हलकी घ्या. कानपूरच्या सरकारी कारखान्यानंच २०१४ ला ‘निर्भीक’ काढली, खास बायकांसाठी म्हणून. पाचशे ग्रॅमची, .३२ चीच. पर्समध्ये बसते. जड हत्यार बाईच्या हाताला कशाला?

टाकळीचा_फौजी

भावड्या, तुझा हेतू चांगला आहे, पण सल्ला उलटा आहे. वहिनी, काही विकायच्या आधी एवढं वाचा. मी सैनिक टाकळीचा, आयुष्याची उमेदीची वर्षं पलटणीत गेली, त्यातली बरीचशी रंगरुटांच्या हाताची भीती घालवण्यात. त्यामुळं जरा लांबण लागेल.

गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागं येणारा रेटाही तोच. तो रेटा सातशे ग्रॅमच्या हत्याराला जेवढ्या वेगानं मागं ढकलेल, त्याच्या १.४ पट वेगानं पाचशे ग्रॅमच्याला ढकलणार. तळहातावर आदळणारी ऊर्जासुद्धा १.४ पट. हलकं हत्यार बाळगायला सोपं असतं, मारायला नाही. तुमची आत्ताची रिव्हॉल्वर निर्भीकपेक्षा सौम्य आहे, हे मनात पक्कं करा.

.२२ चं निराळं. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. रिव्हॉल्वरची .३२ लाँग ९८ ग्रेनची, सहा ग्रॅमपेक्षा जास्त. वर स्पोर्ट्स पिस्तूल स्वतः किलोभराची असते. हलकी गोळी आणि जड हत्यार, म्हणून टिचकी. .३२ पिस्तुलाची गोळी (७.६५ म्हणतात ती) ७१ ग्रेनची, पण वेगानं जाते, म्हणून एकूण रेटा रिव्हॉल्वरच्या जवळपासच येतो. शिवाय छोट्या पिस्तुलाची पकड अरुंद असते आणि वरची स्लाइड (सरकता भाग) मागं येऊन थडकते. तो हिसका ढकलल्यासारखा नसतो, चापट मारल्यासारखा असतो. पुष्कळ नवख्यांना तो रिव्हॉल्वरपेक्षा जास्त बोचतो. दोन्ही .३२ म्हणवतात म्हणून एकीची गोळी दुसरीत घालायची नाही, मग ती आत बसताना दिसली तरी. ९ एमएमचा तर विचारच नको, ती आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय, नळी वर जाते. आणि छिद्रं कुठं पडली? खाली. हिसक्यानं नेम चुकला असता तर गोळ्या वर जायला हव्या होत्या. नळी डोळ्याला उचललेली दिसते तोवर गोळी केव्हाच कागदापार गेलेली असते. म्हणजे नेम बिघडतोय तो बार व्हायच्या आधी. ‘आता उडणार’ म्हणून मन दचकतं, पंजा आवळला जातो, मनगट खाली दाबलं जातं. उजव्या हाताच्या माणसाची गोळी मग खाली-डावीकडं जाते, अगदी तुमच्यासारखी. पहिली गोळी काळ्यात का बसली? कारण हिसका कसा असतो हे तोवर तुम्हाला माहीतच नव्हतं.

आणि रव्याचं म्हणाल तर रवा उचलताना भार कधी येणार हे तुम्हाला ठाऊक असतं, तुम्ही पाय रोवता, श्वास धरता, मग उचलता. इथं भार एका क्षणात येतो आणि जातो. ताकदीची परीक्षा नाहीच ती.

पुढच्या खेपेला एक करा. चक्रात (गोळ्या भरायच्या फिरत्या भागात) काय भरलंय ते तुम्ही बघायचं नाही, सरांना भरू द्या. तीन जिवंत गोळ्या, तीन झाडलेल्या गोळ्यांची रिकामी केसं (नळकांडी), कशीही मिसळून. रिकाम्या केसावर घोडा पडेल तेव्हा बार होणार नाही, आणि तुमचं मनगट काय करतं ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल. शंभर भाषणांनी जे होत नाही ते या एका गोष्टीनं होतं. गोळी वाजली नाही तरी नळी कागदाकडंच ठेवा आणि थोडं थांबा. रिकामं केस आहे असं गृहीत धरून लगेच चक्र उघडायचं नाही.

कापूस आजच फेका. लहान नळीचा आवाज कानठळ्या बसवतो, आणि निम्मी दचक हिसक्याची नसतेच, आवाजाची असते. कानात प्लग, वर मफ (अख्खा कान झाकणारी टोपणं), दोन्ही. .२२ मारतानासुद्धा.

पंचवीस_मीटर

फौजीकाकांचं बरोबर आहे. मी दहा मीटर एअर पिस्तुलावरून पंचवीसवर आले, कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर सराव करते. वहिनी, बेचक्यातल्या वळाबद्दल सांगते. जुन्या रिव्हॉल्वरची लाकडी मूठ बारीक असते आणि ट्रिगर गार्डच्या मागं पोकळी राहते. तुमचा हात त्या मुठीवर खाली घसरला असणार. हात जितका खाली तितकी नळी हाताच्या वर, आणि तितकी ती वर उलटते. बेचकं मुठीवर जमेल तितकं वर घ्या, फक्त घोडा मागं येताना कातडीला लागत नाही एवढं बघा. पोकळी भरून काढणारी रबरी मूठ बसवून मिळत असेल तर बसवा, रेटा तळव्यावर पसरतो आणि एका रेघेवर येत नाही. डावा हात आधाराला असेल तर त्याचा अंगठा चक्राच्या पुढं अजिबात नेऊ नका. चक्र आणि नळीच्या फटीतून गरम वायू कडेला फेकला जातो, बोट भाजतं. सुरुवातीला घोडा हातानं मागं ओढून सिंगल अॅक्शनमध्येच मारा. डबल अॅक्शनला, म्हणजे घोडा न ओढता नुसता ट्रिगर दाबून मारताना, ट्रिगर लांब आणि जड असतो, त्यात दचकायला भरपूर वेळ मिळतो. आणि पाटल्या काढून ठेवा, लक्ष तिकडं जातं.

.२२ सोडू नका, तो कमीपणा नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, ते .२२ वरच. त्या प्रकारात रॅपिडला, म्हणजे झटपट फेरीत, टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं. दर वेळी हात खालून वर आणायचा, एकच गोळी मारायची. एवढ्याशा हिसक्याला सुद्धा मनगट एकसारखं ठेवावं लागतं. मला तिथं पोचायला महिने लागले. हाताला जी सवय .२२ लावते तीच .३२ च्या वेळी उपयोगी पडते.

बावड्याचा_भावड्या

काका, १.४ पटीचं गणित माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. माझा शब्द मागं घेतो. वहिनी, आहे तीच ठेवा.

गुळवाली_वहिनी

रविवारी जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलं.

प्लग आणि मफ दोन्ही लावले. पाटल्या घरी. आधी .२२ च्या वीस गोळ्या मारल्या. मग सरांना काकांची युक्ती सांगितली, त्यांनी पाठ करून चक्र भरलं आणि रिव्हॉल्वर माझ्या हातात दिली. पहिली वाजली. दुसऱ्या वेळी ट्रिगर दाबला, नुसता ‘टक्’ झालं, आणि नळी चार बोटं खाली गेली. बार नाही, हिसका नाही, तरी नळी खाली. मी स्वतः बघितलं म्हणून विश्वास बसला, कुणी सांगितलं असतं तर भांडले असते. तिसऱ्यालाही टक्, तशीच खाली.

चार वेळा सहा-सहा असं केलं. शेवटच्या सहात दोन रिकामी आली, एकीला नळी बोटभर हलली, दुसरीला जवळजवळ नाहीच. जिवंत चारपैकी तीन काळ्यात, एक पांढऱ्यात, खालीच पण कागदावर. बेचकं वर घेतल्यावर वळ उठला नाही. हिसका तेवढाच आहे हे कळतंय, पण तो आता गोळी गेल्यावर येतो, आधी येत नाही.

रिव्हॉल्वर विकत नाही. सासरे दसऱ्याला तिला हळद-कुंकू वाहायचे, ते मी यंदा करीन. तोवर महिनाभर .२२ च्या वीस आणि हिच्या बारा, एवढंच ठरवलंय. पंचवीस_मीटर ताई, रबरी मूठ कुणाकडून बसवून घेतलीत तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टाकळीचा_फौजी

बारावर थांबा, पुढं जाऊ नका. हात दमला की दचक परत येते. दर रविवारी पहिल्या सहात रिकामी केसं ठेवाच, अगदी वर्षानंतरसुद्धा. मी अजून ठेवतो.