काळ्या मातीत घरामागे लाकडी डेक आणि बाग स्वतः करायची आहे

कापूसवाला, हिंगणघाट तालुका
नमस्कार मंडळी. गावातलं आमचं कवेलूचं जुनं घर उतरवलं. त्याचं सागवान झाकून ठेवलं आहे: आडे, खांब, माळ्याच्या पाट्या. आजोबांनी निवडून आणलेलं लाकूड आहे, विकायला जीव होत नाही. नवीन स्लॅबच्या घरामागे, सांदवाडीत, त्याचा बारा बाय दहा फुटांचा डेक करायचा विचार करून राहिलो आहे. बाबांना संध्याकाळी बसायला जागा होईल, बाजूनं बाग लावू.

मागची बाजू पश्चिमेची. जमीन निव्वळ काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत फसतो. मिस्त्री म्हणतात, चार खड्ड्यांत सिमेंट टाकून खांब गाडा आणि एक बाजू घराच्या भिंतीला बोल्टनं कसा. मला ते पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. डेकला लागून सावलीसाठी कडुनिंब आणि एक संत्र्याचं झाड लावायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू?

सुतारकाम, चंद्रपूर
भाऊ, तुमचा संशय बरोबर आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. घराचा पाया खोल असतो, तो फारसा हलत नाही. डेकचे खांब वरच्या मातीत, ते दरवर्षी वर-खाली होतील. दोघांना एकत्र बांधलं तर ताण भिंतीवर येईल. म्हणून डेक भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा.

बारा बाय दहाच्या पूर्ण जागेची, शिवाय चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्तीची, काळी माती निदान दोन फूट काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थर ओला करून धुम्मसानं ठोका. वरचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर भरलेल्या मुरमात पाणी साचून तो खड्डा विहिरीसारखा वागेल. त्यावर नऊ ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे आणि ठोकळ्यांवर नट-बोल्टनं उंची कमी-जास्त करता येईल अशा लोखंडी बैठका. पावसाळ्यानंतर पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबनं पाहायचं आणि पान्यानं सारखं करायचं. लाकूड मातीला कुठेच टेकू देऊ नका. सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण कडेचा पांढरट भाग ती खाते. तो तासून काढा. पाट्या इंचभर जाड असतील तर खालचे आडे सोळा इंचांवर घ्या आणि दोन पाट्यांमध्ये पाव इंच फट ठेवा. खिळे नकोत, गॅल्व्हनाइज्ड स्क्रू वापरा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. डेक वीतभर उंचीचा आणि खालून बंद-अंधारा करू नका. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस. बाबा संध्याकाळी अनवाणी तिथे उतरणार. एकतर दीड फूट उंच आणि चारही बाजूंनी मोकळा ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे; नाहीतर कडेनं अर्ध्या इंचाची जाळी जमिनीत पुरून बसवा. मी मोकळाच ठेवेन.

सावलीचंही ऐका. तुमच्याकडे मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, लगेच नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. तेव्हा भिंतीची सावली दुपारपर्यंतच, नंतर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. वर बांबूचा मांडव पाहिजे आणि पश्चिमेला वेलींची ताटी. बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवलेला बांबू चांगला, पण उघड्यावर पावसानं ते औषध धुऊन जातं; म्हणून वर पत्रा किंवा कवेलू टाका. जुने कवेलू असतील तर तेच लावा!

वाडीवाली, वरुड
दादांनी डेकचं नीट सांगितलं. कडुनिंब मात्र डेकला लागून लावू नका. मोठं झाड मुळांनी ओल ओढून घेतं, त्या बाजूची काळी माती जास्त आकसते आणि तिथे जमीन बसते. वीस-पंचवीस फूट लांब, पश्चिमेच्या कुंपणाशी लावा. सावली तिथूनही येईल. ताटीवर मधुमालती चढवा, ती ऊन सोसते. पावसाळ्यात दोडका, हिवाळ्यात वाल, म्हणजे आईंना भाजी हाताशी.

संत्र्याचं म्हणाल तर आमच्याकडे बागाच आहेत, पण भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या येतो, खोडातून डिंक गळतो. फूटभर उंच वरंब्यावर लावा, कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या, आळं खोडाला न चिकटता दुहेरी करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यातच राहील. झाड मोठं झालं की पावसाळ्याआधी खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं कुटार अंथरा. मोरीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू, तिकडे संत्रं नको.

कापूसवाला
दादा, ताई, खूप मदत झाली. कवेलू आहेत! मिस्त्रींना भिंतीचा बोल्ट नको म्हणून सांगतो. मुरूम कधी भरायचा? रोपं आताच आणू का?

सुतारकाम
मुरूम उन्हाळ्यात भरा आणि एक पावसाळा त्यावर जाऊ द्या. कुठे बसतो ते दिसेल. दिवाळीनंतर ठोकळे आणि लाकूड.

वाडीवाली
रोपं जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर. कडुनिंबाचा खड्डा मात्र मे महिन्यातच खणून तापू द्या.