अण्णा म्हणतात, आपले ढग पळवले. त्यांच्याशी बोलू कसं?

मांजराकाठ (ता. कळंब, जि. धाराशिव)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात तो असणार, म्हणून इथं मांडतोय.

आमचे अण्णा ६८ वर्षांचे. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. जुनी मॅट्रिक पास, दोनदा सोसायटीचे संचालक. हिशेबाला इतके पक्के की खताच्या पिशवीमागं पाच रुपये जास्त लागले तरी पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाहीत. आणि हाच माणूस ठाम मानतो की मराठवाड्यावर येणारे ढग विमानानं पांगवले जातात. पाऊस पश्चिम महाराष्ट्रातल्या धरणांवर पडावा म्हणून. आणि हे मंत्रालयात बसून ठरतं.

त्यांनी ते डोळ्यानं पाहिलंय, अडचण तिथंच आहे. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास पाऊस कमी झाला होता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसाचे प्रयोग चालू होते. अण्णा करपलेल्या सोयाबीनमध्ये उभे, डोक्यावरून बारकं विमान गेलं, आणि तासाभरात आभाळ मोकळं. त्यात आता फोनवर एक व्हिडिओ आलाय. विमानाच्या पंखाला नळकांड्या लावलेल्या, त्यातून धूर निघतोय. व्हिडिओ खराच आहे, ढगात मिठासारखे कण सोडतानाचा. त्यावरचा आवाज मात्र म्हणतो, "बघा, ढग जाळायलेत."

मी समजावलं. ते कण थेंब मोठे व्हावेत म्हणून सोडतात, आणि मुळात ढगच पोकळ असला तर काही उपयोग होत नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं? पेपरनं?"

मला माहीत होतं ते कशाबद्दल बोलायलेत. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आमच्या गावाला टँकरच्या नोंदवहीत रोज तीन खेपा होत्या, यायची एक. टँकर विहिरीत सोडायचे, आणि आई पहाटे तीनला कंदील घेऊन काठावर बसायची, नंबर जाऊ नये म्हणून. अण्णांनी नोंदवहीच्या झेरॉक्स काढल्या आणि तालुक्याला जाऊन एका पेपरच्या वार्ताहराच्या हातात दिल्या. आठ दिवसांनी त्याच पेपरात पूर्ण पान आलं, नेत्याच्या फोटोसकट: टंचाईवर मात. आमची बातमी आली नाही, आजवर नाही. ते पान अण्णांच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं आहे, सातबाऱ्याशेजारी.

"टँकर दाबला ते ढगाचं खरं सांगतील व्हय?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला, काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंज डोळ्यांदेखत गेली. अण्णा म्हणाले, "आता सोडले ढग." दसऱ्याला पाहुणे जेवायला बसलेले असताना मी बोलून गेलो की पडला नाही तरी कट, पडला तरी कट, हा कसला हिशेब? ते ताटावरून उठले. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून आपल्याकडं गावंच्या गावं जागली होती, आठवतंय ना? आमच्या ग्रुपवर कुणीतरी दोन्ही गोष्टी जोडल्या. पवनचक्कीच्या सर्व्हेला आलेली दोन पोरं, जेमतेम विशीतली, शिवारात अडवली गेली. पोलीस पाटील वेळेत पोचले म्हणून निभावलं. त्या घोळक्यात कडेला अण्णाही होते.

त्यांच्याशी बोलावं कसं? ते मूर्ख नाहीत, आणि त्यांना मूर्ख ठरवून मला जिंकायचं नाही.

---

काळी_माती (पैठण)

मित्रा, आधी अण्णांचं अर्धं खरं मान. ढग पळवले नसतील, पाणी अडवलं की नाही? १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा नियम २०१४ ला झाला. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं, निकाल २०१६ च्या सप्टेंबरात आला. तरी २०२३ ला काय झालं? ऑक्टोबरच्या अखेरीस ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबर सरत आला. रब्बीची पेरणी कुणासाठी थांबते का?

हे सगळं कागदावर आहे, उघड आहे. त्याच्यासाठी विमान लागत नाही. अण्णांचा राग योग्य जागेवरून चुकीच्या जागी गेलाय, एवढंच मला दिसतं.

---

जुना_वार्ताहर (अंबाजोगाई)

मांजराकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तो वार्ताहर मी नाही, माझा तालुका वेगळा होता. पण मी तोच असू शकलो असतो.

चौदा वर्षं तालुका वार्ताहर होतो. वाचकांना वाटतं आम्ही पगारी माणसं. मला मिळायचं ते मानधन पेट्रोललाही पुरत नव्हतं. घर चालायचं जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस. प्रत्येक पुरवणीला टार्गेट ठरलेलं, आणि ते भरून देणारी माणसं तालुक्यात दहा-बारा. सोसायटीवाले, शाळावाले, गुत्तेदार म्हणजे ठेकेदार. टँकरचा गुत्ता त्यांच्यातल्याच एकाकडं.

माझ्याकडंही अशीच झेरॉक्स आली होती. एक म्हातारे गृहस्थ चालत आले होते, चपलेचा अंगठा तुटलेला, दोऱ्यानं बांधलेला. मी त्यांना चहा पाजला, "बघतो" म्हणालो आणि तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. मला कुणाचाही फोन आलेला नव्हता. संपादकानं दाबा म्हटलं नव्हतं, नेत्यानं धमकावलं नव्हतं. दिवाळीच्या अर्ध्या पानाची जाहिरात माझ्या डोक्यात होती, बास. ज्या मराठवाड्यात निजामाची बंदी आली की नाव बदलून पुन्हा पेपर काढणारे आ. कृ. वाघमारे होऊन गेले, तिथं मी एका अर्ध्या पानासाठी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. आजही ते गृहस्थ बस स्टँडवर दिसले तर मी रस्ता बदलतो.

हे सांगायचं कारण असं. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की बातमी आली नाही आणि जाहिरात आली. तो म्हणणार, वरून ठरलंय. प्रत्यक्षात वरून काहीच ठरावं लागत नाही, माझ्यासारखे शंभर जण आपापल्या ड्रॉवरपाशी आपापलं ठरवतात. अण्णांना दिसलेला अन्याय खरा आहे. त्यामागं एका खोलीत बसलेली माणसं आहेत हा त्यांचा अंदाज आहे. आणि तो अंदाज त्यांना करावा लागला, कारण खरं कसं घडतं ते आम्ही कधी छापलंच नाही.

मोठ्या पातळीवर तर पैसे मोजून झालंय. २००९ च्या विधानसभेला आपल्याच नांदेडचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच, वेगवेगळ्या पेपरांत बातमी म्हणून आला होता. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघडकीला आणलं. पुढं निवडणूक आयोगाची नोटीस निघाली आणि २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही अर्धंच सांगणारा ठरेन. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या उपसमितीनं ७१ पानी अहवाल लिहिला. २०१० ला कौन्सिलनं त्याचं छोटं रूप तेवढं बाहेर काढलं. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ उजाडलं. पेपरांच्या खोटेपणावरचा अहवालच झाकून ठेवल्यावर लोक कुणाचं ऐकणार? जो मोठ्यानं बोलेल त्याचं.

त्या दोन पोरांबद्दल वाचून मात्र अंगावर काटा आला. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली, पोरं पळवणारी टोळी म्हणून ठेचून मारली. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. माणसं गेल्यावर घातली. अण्णांशी बोलायला वेळ घ्या, पण ग्रुपवर असं काही आलं तर त्याच मिनिटाला लिहा की ही माणसं कोण आहेत. तिथं भिडस्तपणा नको.

माझा सल्ला एवढाच. अण्णांना आधी म्हणा, "टँकरचं तुमचं खरं होतं." ढगाचा विषयही काढू नका.

---

बालाघाटची_लेक (ता. वाशी)

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडं डोंगरावर पवनचक्क्या आहेत, म्हणून इथला समज असा की पाती ढग कापतात. पोरं घरून तेच ऐकून येतात. मी वर्गात त्यावर वाद घातला नाही. आम्ही पर्जन्यमापक केला.

सरळ बुडाची, सरळ अंगाची पाण्याची बाटली घ्यायची. वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, नरसाळ्यासारखा. बुडाला चार गोट्या टाकायच्या म्हणजे वाऱ्यानं पडत नाही. गोट्या बुडेपर्यंत पाणी ओतून तिथं शून्याची रेघ, आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. रोज सकाळी आठ वाजता वाचायचं, लिहायचं आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. एका पावसाळ्यात पोरांनी वही भरवली. एक दिवस आमच्या बाटलीत ४१ मिलिमीटर आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक यंत्राचा आकडा ६८. गावात हलकल्लोळ! कारण अतिवृष्टीची नोंद ६५ ला होते हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आजोबा मंडळी वही बघायला शाळेत आली. सात-आठ किलोमीटरवर पाऊस एवढा बदलतो, हे त्यांनी पोरांच्या अक्षरात पाहिलं.

मग मी फळ्यावर गणित घातलं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे २ लाख ६३ हजार लिटर. दहा हजारांचे २६ टँकर, एका एकराला. लातूरला मिरजेहून पहिली गाडी आली तिच्यात दहा वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. साडेतीनशेएक किलोमीटर रेल्वे धावली तेव्हा दोन एकरांवरच्या एका मोठ्या पावसाएवढं पाणी आलं. एक आजोबा बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. "मग तालुक्याचं आभाळ विमानात कसं मावंल?" हे ते म्हणाले, मी नाही.

आपण सह्याद्रीच्या पाठीशी आहोत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडं जेमतेम सातशे. ढग घाटावरच रिकामे होऊन येतात, आणि हे कुठलंही सरकार नव्हतं तेव्हापासूनचं आहे. पण हे शेवटी सांगा. आधी सांगितलं की लोकांना वाटतं आपण सरकारची बाजू घेतोय.

आणि चारचौघांत कधीच नको. वडील माणसाला पाहुण्यांसमोर खोटं पाडलं की मग ते पटलं तरी कबूल करता येत नाही.

---

मांजराकाठ

उशिरा लिहितोय, पेरणीची गडबड होती.

जुना वार्ताहर काका, तुमची पोस्ट मी अण्णांना वाचून दाखवली. चपलेच्या दोऱ्यापाशी त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाले, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठून पेटी उघडली, ते पान काढलं आणि त्याच्याखालची झेरॉक्स माझ्या हातात दिली. दहा वर्षांत मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. तिसऱ्या खेपेसमोर आईचा अंगठा लावलेला दाखवलाय. आईला सही येते. अण्णांनी तिथं पेन्सिलीनं बारीक गोल केलेला होता. मी म्हणालो, "अण्णा, टँकरचं तुमचं खरं होतं. तेव्हा मी तुमच्यासोबत तालुक्याला यायला पाहिजे होतं." ते काही बोलले नाहीत. आई चुलीपाशी होती, तिनं पदर डोळ्याला लावला.

ढगाचा विषय मी काढला नाही. चार दिवसांनी त्यांनीच काढला. त्यांच्याकडं बियाणं कंपनीच्या खिशातल्या डायऱ्या आहेत, पेरणी, फवारणी, पाऊस सगळं टिपलेलं. २०१५ ची काढली. विमानाची नोंद तीनदा आहे. पहिल्या दिवसापुढं लिहिलंय "ढग गेले". दुसऱ्या दिवसापुढं काहीच नाही. तिसऱ्या दिवसापुढं त्यांच्याच अक्षरात, "संध्याकाळी बरा पाऊस, ओढ्याला पाणी". ते वाचून चष्मा काढून बसले. मी तोंड उघडलं नाही, खरं सांगतो, फार जड गेलं.

पटलं असं म्हणणार नाही. काल पारावर कुणीतरी व्हिडिओ लावला तर अण्णा म्हणाले, "विमानाचं मला ठाऊक नाही. पण आपला इचार कुणी करत नाही, हे खरं हाय." तेवढं माझंही मत आहे. सर्व्हेची पोरं परत आली तेव्हा मात्र अण्णांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं, ओळखपत्र बघितलं आणि चहा पाजला. ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून लिहायला मला सांगितलं.

ताई, बाटली कापून तयार आहे. गोट्या नव्हत्या, चिंचोके टाकले तर हलके पडले, मग खडे टाकले. आता अण्णा विचारायलेत, गोठ्याच्या पत्र्यापासून बाटली किती लांब ठेवायची? पागोळ्यांचे शिंतोडे आत गेले तर आकडा खोटा येईल म्हणतात.