अनुभव धागा: कमी बजेटमधला टीव्ही कसा निवडलात, कसा बसवलात?

धागा काढायला कारण घरातलंच आहे. सासूबाईंच्या खोलीत ३२ इंची टीव्ही घेतला, चौदा हजारांचा. दुकानात चित्र सुरेख वाटलं होतं. घरी लावला तर सगळे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल आणि उजेड डोळ्यांत खुपणारा. ब्राइटनेस कमी करावा, तर थोड्या वेळाने आपोआप परत पूर्ण. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जुना होता तोच बरा होता गं." मला फार वाईट वाटलं, कारण टीव्ही त्यांच्यासाठीच आणला होता.

आठवड्याने भाचा आला आणि त्याने सेटिंग उघडून बघितलं. टीव्ही दुकानाच्या मोडवर होता! पहिल्यांदा सुरू करताना टीव्ही विचारतो, घरात वापरणार की दुकानात. बसवायला आलेल्या मुलाने घाईत दुकान निवडलं होतं. दुकानात शंभर ट्यूबलाइटच्या उजेडात उठून दिसावा म्हणून तो मोड असतो. भाच्याने तो 'होम' केला, पिक्चर 'व्हिविड'वरून 'स्टँडर्ड'वर आणला, शार्पनेस निम्म्याच्या खाली घेतला. टीव्ही तोच, पण त्या संध्याकाळी सासूबाई मालिका संपेपर्यंत उठल्या नाहीत.

तेव्हापासून वाटतंय, स्वस्त टीव्हीची अर्धी किंमत तो लावण्यात वसूल होते. तुमचं कसं झालं ते लिहा. कोणासाठी घेतला, किती इंची, भिंत कसली, कुठे अडलं. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, काय झालं तेवढं सांगा.

नाशिक, दोन खोल्यांचं घर

आमचा वाद मापाचा होता. मुलांना ४३ हवा, ह्यांचं म्हणणं ३२ पुरे. इंच कर्णात मोजतात, त्यामुळे आकड्यावरून अंदाज येत नाही. ४३ म्हणजे साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच. फ्रिजचा खोका फोडून तेवढा पुठ्ठा कापला आणि भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवला. पलंगापासून भिंत सहा-साडेसहा फूट. पुठ्ठा मोठा वाटला नाही, वाद मिटला.

थांबल्याचा फायदाही झाला. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. आम्ही दसऱ्याला घेतला. ३२ आणि त्याखालच्यांना आधीपासूनच १८ होता, म्हणून छोटा घेणाऱ्यांना फरक पडला नसेल.

रत्नागिरीजवळचं गाव

इकडे मुख्य शत्रू वीज आणि दमट हवा. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी संध्याकाळी गडगडायला लागलं, आईने लगेच पिन काढली. तरी टीव्हीचा एचडीएमआय (बॉक्सची वायर लागते ती जागा) गेला आणि सेट टॉप बॉक्सही गेला. दुरुस्तीवाले काका म्हणाले, पिन काढलीत पण छत्रीची (छपरावरच्या डिशची) वायर तशीच होती, झटका तिथून आला. माडाजवळच्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवा. आता ढग दिसले की पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढतो.

नवीन बोर्ड महाग सांगत होते. काकांनी आहे तोच बोर्ड दुरुस्त केला, अजून चालू आहे. दुसरं म्हणजे टीव्ही ओल येणाऱ्या भिंतीला अगदी चिकटवू नका. आम्ही मागे हात जाईल एवढी जागा सोडली आहे, आत मुंग्या होत नाहीत ना ते पावसाळ्यात बघत असतो.

पुणे, पेठेतला जुना वाडा

आमच्या भिंती मातीच्या. ड्रिल लावलं की नुसती माती गळते, गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात ती) धरत नाही. कंपनीचा माणूस "भिंतीची जबाबदारी आमची नाही" म्हणून निघून गेला, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी सुताराने दोन लाकडी खांबांमध्ये जाड प्लाय आडवी ठोकून दिली आणि तिच्यावर ब्रॅकेट बसवला. ब्रॅकेट तपकीर गल्लीतून, इथल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून आणला. जाताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजून न्या. आमचं २०० बाय १०० मिलिमीटर निघालं, त्याच मापाचा मिळाला.

सुतार टीव्ही वर लावायच्या मागे होता, हॉटेलात असतो तसा. मी हट्टाने खाली घेतला. आम्ही जमिनीवर गादी टाकून बसतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला हवा, नाहीतर तासाभरात मान धरते.

पनवेल

वाड्याचं वाचलं. नवीन बिल्डिंगमध्येही सांभाळा! सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल होते. त्या ब्लॉकसाठी वेगळे फास्टनर मिळतात, ते आधी आणून ठेवा.

यवतमाळ जिल्हा, शेतकरी

आमच्याकडे फ्री डिश आहे, महिन्याचा खर्च नाही. टीव्ही ३२ इंची घेतला, तर चित्र धुरकट आणि माणसं बुटकी, जाडी. मला वाटलं स्वस्त घेतला म्हणून असंच राहणार. बायको म्हणे, परत करा.

शेजारचं पोट्टं आयटीआय शिकते, त्यानं बघितलं. बॉक्स पिवळी-लाल-पांढरी वायर लावून जोडला होता. बॉक्सच्या मागं एचडीएमआयची जागा होती, पण कोणी वापरलीच नव्हती. वायर बदलली, धूर गेला. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ होतं ते १६:९ केलं, माणसं सरळ झाली. जुन्या चॅनेलवर अजून कधी चेहरे ताणलेले दिसतात, ते चित्रच चौकोनी असते. ज्याचा बॉक्स जुना आहे आणि एचडीएमआय नाही, त्यानं टीव्हीला दोष देण्याआधी बॉक्स बदलून पाहावा.

स्मार्ट घेतला पण वायफाय नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक पिक्चर पाहिला की दिवसाचा डेटा संपते.

ठाणे

माझं थोडं लांबेल. आई ७८ वर्षांची, एका कानाने कमी ऐकू येतं. जुन्या डब्बा टीव्हीचे स्पीकर समोर होते. नवीन पातळ टीव्हीचे खाली किंवा मागे असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. आई आवाज ४० वर नेई, तरी "बोलतात काय ते कळत नाही, नुसतं संगीत ऐकू येतं" म्हणायची. वरच्या मजल्यावरून निरोप यायला लागले तेव्हा तिने टीव्ही लावणंच कमी केलं. तिचा दिवस टीव्हीवर चालतो. सकाळी भजन, दुपारी पाककृती, सात वाजता बातम्या. ती गप्प बसलेली मला बघवेना.

आधी साउंड मोड बदलला. बोलणं उठून येणारा एक मोड बहुतेक टीव्हींत असतो, 'स्पीच', 'न्यूज' किंवा 'क्लिअर व्हॉइस' अशा नावाचा. त्याने निम्मा प्रश्न सुटला. मग ब्लूटूथ स्पीकर जोडला, तर ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आईला त्याचा त्रास झाला. शेवटी लहान साउंडबार घेतला, वायरने जोडायचा. दोन दिवस आवाजच येईना, कारण वायर चुकीच्या भोकात होती. मागे दोन-तीन एचडीएमआय असतात, त्यातल्या ज्याच्याजवळ 'एआरसी' लिहिलंय तिथेच साउंडबार लागतो. साउंडबार तिच्या खुर्चीसमोर ठेवला, आता आवाज १५ वर पुरतो.

नंतर रिमोटचा प्रश्न. टीव्ही चालू केला की अ‍ॅप्सची रांग यायची आणि आई तिथेच अडकायची. सेटिंगमध्ये शोधत गेले तेव्हा 'सुरू होताना कोणता इनपुट' असा पर्याय सापडला. तिथे सेट टॉप बॉक्स निवडला. एचडीएमआय-सीईसीही चालू केलं, त्यामुळे साउंडबार टीव्हीबरोबर उघडतो, बंद होतो. बॉक्सच्या रिमोटवर लागणारी पाच बटणं सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली. हे सगळं आईशेजारी बसून केलं, प्रत्येक बटण तिच्याकडून चार-चारदा दाबून घेतलं. आता कोणाला हाक न मारता ती भजन लावते.

सोलापूर

आमच्या हॉलमध्ये आजोबा झोपाळ्यावर बसतात, म्हणजे टीव्हीच्या बाजूला. तिथून रंग फिके दिसतात हे घरी आल्यावर कळलं. दुकानात समोर उभं राहून बघू नका, बाजूला जाऊन, खाली वाकून बघा. काही पॅनेल बाजूनेही नीट दिसतात, काही समोरूनच.

दुबई

२०१४ साली इथून भावासाठी टीव्ही नेला. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रवाशांच्या सामानातल्या सपाट टीव्हीची शुल्कमाफी काढली होती, हे मला विमानतळावर समजलं. शुल्क भरलं आणि वर भारतात वॉरंटीही लागू नव्हती. त्यानंतर भावाला पैसेच पाठवते, तो गावात घेतो.

नागपूर

खोका टेम्पोत आडवा टाकून आणला होता. उघडला तर कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि पडदाच टीव्हीतला सर्वात महाग भाग. आमचं निभावलं, कारण मुलीने खोका फोडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढला होता. बदलून मिळाला. टीव्ही नेहमी उभाच आणा, पोचवणाऱ्या माणसासमोरच उघडा आणि चालू करून बघा.

कोल्हापूर

एक छोटं सेटिंग सांगतो. सिनेमा बघताना सगळं मालिकेसारखं गुळगुळीत, खोटं वाटत असेल तर 'मोशन' नावाचं काहीतरी चालू असतं. ते बंद करा. बाबा क्रिकेटला परत चालू करतात, त्यांना चेंडू स्पष्ट दिसतो म्हणतात.

धागाकर्ती

ठाण्याच्या ताई, तुमचं वाचून काल आमच्या टीव्हीत तो इनपुटचा पर्याय शोधला. 'सिस्टिम'मध्ये नव्हता, 'पॉवर'मध्ये मिळाला. आवाजाचा मोडही 'न्यूज'वर ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "चिकटपट्टी कुठली लावायची, रंगीत आहे का?" रंगीत आणून दिली आहे, त्या स्वतः लावत बसल्या आहेत. सोलापूरकर, झोपाळा आमच्याकडेही आहे, आज तिथून बसून बघते.