रेणूंच्या डाव्या-उजव्यात भेसळ झाली की जेलची (थिजून घट्ट झालेल्या द्रवाची) वाट लागते का?

तेलकट_हात: एरंडेलापासून १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड करतात, ग्रीसमधे जातं ते. त्याच्या बाराव्या कार्बनवर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आहे म्हणून रेणूची डावी-उजवी अशी दोन रूपं, एकमेकांची आरशातली. एरंड मात्र एकच देतो, 'आर' नावाचं. परवा २ टक्के घालून मिनरल ऑइल तापवलं, पार नितळ झालं, आणि गार झाल्यावर नळी उलटी धरली तर ढिम्म हलेना. दोन्ही रूपं निम्मी-निम्मी घ्या, लांब पिळदार तंतूंच्या जागी चपट्या पापड्या होतात आणि जेल लेचंपेचं. म्हणून म्हणतो, आपोआप रचल्या जाणाऱ्या मटेरियलला एकच हात लागतो, म्हणजे सगळे रेणू एकाच रूपाचे, भेसळ केली की खेळ खल्लास.

खडूस_केमिस्ट: एका एरंडावरून नियम? श्नायडर आणि पोचन या संशोधकांच्या टीमने २०११ साली मॅक्स१ हे २० अमिनो ॲसिडचं पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) आणि त्याचं आरशातलं जुळं समसमान मिसळलं, तर जेल एकेकट्यापेक्षा चौपट ताठ! आणि पॉलिंग-कोरी हे केमिस्ट तर १९५३ मधेच सांगून गेलेत की डाव्या-उजव्या साखळ्या आलटूनपालटून शेजारी बसू शकतात. बरं, ओएच नसलेल्या साध्या लिथियम स्टिअरेट साबणाला डावं-उजवं नसतंच, त्याचंही ग्रीस होतंच की.

तेलकट_हात: होतं हो, पण बाजार कुणी खाल्ला? १२-हायड्रॉक्सीवाल्यानेच ना.

खडूस_केमिस्ट: ते ओएचचं कर्तृत्व, हायड्रोजन बाँडचं, म्हणजे शेजारच्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या ओढीचं. फुकटचं श्रेय हाताला नको.

तेलकट_हात: मग एरंडाच्या ॲसिडच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणातही तेच ओएच आहे, तेवढंच आहे, तरी पापड्या का?

अर्धवट_पीएचडी: उजव्या सोंडेच्या गणपतीसारखं सोवळं चाललंय इथे 😄 अहो, शेजारी कसा बसतो ते बघा ना. एरंडाच्या ॲसिडमधे विरुद्ध हाताचा रेणू आला की रचनाच बदलते आणि तंतूची लांबीतली वाढ अडते. मॅक्स१ मधे उलट, समोरच्या जुळ्याचे व्हॅलिन (त्यातलं एक अमिनो ॲसिड) खाचेत बसावेत तसे खोचले जातात, म्हणून ताठपणा. तेव्हा भेसळ चांगली की वाईट हे रेणू बघूनच कळणार.

खडूस_केमिस्ट: हेच म्हणत होतो मी.

तेलकट_हात: तुम्ही हात बिनकामाचा म्हणत होतात! दोन्हीकडे फरक हातानेच पडला की. तरी "एकच हात लागतो" हे मागे घेतो, तेवढंच.